यूए १३+ म्हणजे नेमकं काय? सिनेमा, टीव्ही, ओटीटी आणि नाटकाच्या वयोगटांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तिकिटाच्या ॲपवर सिनेमाच्या नावाखाली 'यूए १३+' असं दिसायला लागल्यापासून पालक एकच गोष्ट विचारतात: 'मग न्यायचं का मुलांना?' उत्तर खाली आहेच. पण हे आकडे कोण देतं, कशाच्या आधारावर देतं आणि ते कोणावर बंधनकारक असतात, एवढं समजलं की बरेचसे प्रश्न आपोआप सुटतात. सिनेमागृह, टीव्ही, ओटीटी आणि नाटक ह्या चारही ठिकाणी कायदा वेगळा आहे. एकीकडचा नियम दुसरीकडे लावायला गेलं की गोंधळ होतो.

एकूण प्रकार किती आहेत?

मुख्य चार. 'यू' म्हणजे सगळ्यांसाठी. 'यूए' म्हणजे सगळ्यांसाठीच, पण ठरावीक वयाखालच्या मुलांच्या बाबतीत आईवडिलांनी आधी विचार करावा. 'ए' म्हणजे १८ वर्षं पूर्ण झालेल्यांसाठीच. 'एस' हे डॉक्टर किंवा शास्त्रज्ञ अशा एखाद्या विशिष्ट वर्गापुरतं असतं. 'एस'चा सिनेमा थिएटरात पाहिलेला माणूस मला अजून भेटायचा आहे.

१९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यात सुरुवातीला फक्त यू आणि ए होते. यूए आणि एस १ जून १९८३ पासून आले. तेव्हाच्या यूएमध्ये एकच रेघ होती, १२ वर्षांची. म्हणजे थोडीशी मारामारी असलेला कौटुंबिक सिनेमा आणि 'ए'च्या उंबरठ्यावरून जेमतेम परत आलेला सिनेमा, दोघांच्या पोस्टरवर तीच दोन अक्षरं. २०२३ च्या दुरुस्तीने यूएचे तीन तुकडे केले: यूए ७+, यूए १३+ आणि यूए १६+. त्याचे नियम १५ मार्च २०२४ ला अधिसूचित झाले. माझ्या मते गेल्या चाळीस वर्षांत प्रेक्षकाच्या थेट उपयोगाचा झालेला बदल हाच.

मुलगी बारा वर्षांची आहे. 'यूए १३+'ला दारावर अडवतील का?

नाही. अडवायचा अधिकारच नाही. यूएचे तिन्ही आकडे पालकांसाठी सल्ला आहेत, थिएटरवाल्यासाठी आदेश नाहीत. तेरा वर्षांखालच्या मुलांना हा सिनेमा दाखवायचा की नाही ते पालकांनी ठरवावं, एवढाच त्याचा अर्थ. डोअरकीपरने मुलीचं आधार कार्ड मागितलं तर शांतपणे सांगा की हा 'ए' नाही.

ह्याची दुसरी बाजू मात्र लक्षात ठेवायला हवी. यूए १६+ ला नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन गेलात आणि मध्यंतरात तो रडायला लागला, तर त्यासाठी थिएटरला किंवा सेन्सॉर बोर्डाला बोल लावता येणार नाही. धोक्याची सूचना दिलेली होती.

'ए'चा सिनेमा आहे, पण आम्ही दोघंही सोबत आहोत. मग चालेल ना?

नाही चालणार. पालक सोबत असले, लेखी संमती दिली, मुलगा सतरा वर्षं अकरा महिन्यांचा असला, तरी नाही. तिथे निर्णय पालकांच्या हातातून काढून घेतलेला आहे. 'ए'च्या सिनेमाला अठराखालच्या व्यक्तीला बसू दिलं तर गुन्हा सिनेमा दाखवणाऱ्याचा होतो आणि त्यासाठी कायद्यात शिक्षेची तरतूद आहे. म्हणून मल्टिप्लेक्सचा कर्मचारी ओळखपत्रावर अडून बसतो तेव्हा तो उगाच नखरे करत नसतो.

तिकीट ऑनलाइन काढलं म्हणजे प्रवेश पक्का, असाही एक समज आहे. 'ए'चा सिनेमा निवडला की ॲप मध्येच एक खिडकी उघडून 'तुम्ही १८ पूर्ण आहात ना?' असं विचारतं आणि आपण न वाचता 'हो' दाबून पुढे जातो. दारावर परत पाठवलं की त्या 'हो'कडे बोट दाखवतात आणि पैसेही बहुधा परत मिळत नाहीत. कॉलेजच्या पहिल्या वर्षाचा ग्रुप असेल तर त्यातला एक तरी सतराचा निघतोच. आधी तपासा.

हे ठरवतं कोण?

केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळ, म्हणजे आपलं सेन्सॉर बोर्ड. ते केंद्राच्या माहिती आणि प्रसारण मंत्रालयाखाली येतं. मुख्यालय मुंबईत आहे आणि प्रादेशिक कार्यालयं नऊ: मुंबई, चेन्नई, कोलकाता, बंगळुरू, हैदराबाद, तिरुवनंतपुरम, दिल्ली, कटक आणि गुवाहाटी. मराठी सिनेमाचा अर्ज साहजिकच बहुतेक वेळा मुंबईत जातो. सिनेमाच्या आधी पडद्यावर जो प्रमाणपत्राचा कागद झळकतो, त्यावरच्या क्रमांकाच्या शेवटी 'एमयूएम' अशी अक्षरं दिसली तर तो मुंबई कार्यालयाने दिलेला असतो.

वर्तमानपत्रात 'सेन्सॉरने कात्री लावली' असं छापून येतं तेव्हा डोळ्यांसमोर अध्यक्ष येतात, पण पहिला निर्णय त्यांचा नसतो. पूर्ण लांबीचा सिनेमा आधी तपासणी समितीसमोर जातो. तिच्यात सल्लागार मंडळातले चार सदस्य आणि बोर्डाचा एक अधिकारी असतो. चारांपैकी दोन स्त्रिया हव्यात असा दंडक आहे. हे सल्लागार म्हणजे समाजातले निरनिराळे लोक, सरकारने नेमलेले. सिनेमा छोट्या प्रिव्ह्यू थिएटरात दाखवतात आणि त्या वेळी निर्माता-दिग्दर्शक आत नसतात. जुन्या नियमांत एक छान अट होती: सिनेमा संपल्यावर प्रत्येक सदस्याने थिएटर सोडायच्या आधी आपलं मत लेखी द्यायचं. चहा पिताना गप्पांतून एकमत होऊ नये, हा त्यामागचा शहाणपणा.

त्यानंतर निर्मात्याला बोलावून म्हणणं ऐकून घेतात. बाहेर व्हरांड्यात अडीच तास ताटकळलेला दिग्दर्शक आणि आत शिव्या मोजत बसलेले चार अनोळखी लोक, हे चित्र मराठी सिनेमाच्या माणसांना चांगलंच परिचयाचं आहे.

कशाच्या आधारावर ठरवतात? काही मोजमाप असतं का?

फुटपट्टी नाही. 'तीन शिव्या असतील तर १३+, दहा असतील तर १६+' असा कोष्टकाचा हिशेब कुठेही लिहिलेला नाही. आधार आहे तो कायद्याचं ५बी हे कलम आणि केंद्र सरकारने ६ डिसेंबर १९९१ ला काढलेली मार्गदर्शक तत्त्वं. हिंसेचं उदात्तीकरण, गुन्ह्याची पद्धत शिकवणारी दृश्यं, दारू आणि अमली पदार्थांचं समर्थन, स्त्रियांची मानहानी, जातीधर्माची निंदा, मुलांचा छळ अशी ती यादी आहे. सोबत अशीही सूचना आहे की सिनेमा सुटा सुटा न पाहता त्याचा एकूण परिणाम पाहावा आणि त्या काळातल्या समाजाची मापं लावावीत. ही सूचना पाळली गेली की निर्णय सहसा समंजस येतो. कोर्टात गेलेली बरीच प्रकरणं ही सूचना विसरल्यामुळे झालेली आहेत.

यादीत द्वयर्थी शब्दांचाही स्वतंत्र उल्लेख आहे. हे वाचलं की मराठी माणसाला दादा कोंडके आठवणारच. दादांचे लागोपाठ नऊ सिनेमे पंचवीस पंचवीस आठवडे चालले आणि त्यांचं नाव गिनेस बुकात गेलं. बोर्डाशी त्यांचे खटके सतत उडत. अडचण अशी की संवाद कागदावर उतरवला तर त्यात आक्षेपार्ह एक अक्षर सापडायचं नाही. जे काही होतं ते दादांच्या भाबड्या चेहऱ्यावर आणि प्रेक्षकाच्या डोक्यात. ते कापायचं कसं, हा प्रश्न आजही सुटलेला नाही.

प्रमाणपत्रावर 'यूए १३+' लिहितात, पण कारण का नाही लिहीत?

हीच ह्या पद्धतीतली सर्वात मोठी त्रुटी आहे असं मला वाटतं. पडद्यावरच्या कागदावर सिनेमाचं नाव, भाषा, लांबी, वर्ग, सगळं असतं; तेरा वर्षांची अट रक्तामुळे आहे, शिव्यांमुळे की भुतामुळे, एवढं सोडून. आणि पालकाला हवं असतं नेमकं तेच. एखादं मूल मारामारी पाहताना खिदळतं, पण आईच्या आजारपणाचा प्रसंग आला की त्याला झोप लागत नाही. आकडा दोघांनाही तोच.

यावर दोन व्यवहारी उपाय आहेत. सिनेमा इंग्रजी किंवा मोठा हिंदी असेल आणि ब्रिटनमध्येही लागला असेल, तर तिथे सिनेमांना वयोगट देणाऱ्या बीबीएफसी ह्या संस्थेच्या संकेतस्थळावर त्याची नोंद पाहा. हिंसा किती, भाषा कशी, भीतीदायक प्रसंग आहेत का, हे तिथे सविस्तर लिहिलेलं असतं. मराठी सिनेमा असेल तर पहिल्या दिवशी पाहून आलेल्या, स्वतःला मुलं असलेल्या ओळखीच्या माणसाला फोन करा. समीक्षकाला नको. समीक्षक छायाचित्रणाबद्दल सांगेल.

'यू' मिळालं म्हणजे सिनेमाला हात लावलेला नाही, असं समजायचं का?

तसं नाही. वर्ग ही एक गोष्ट आणि कट किंवा बदल ही दुसरी. ताजं उदाहरण महात्मा फुल्यांवरच्या 'फुले' ह्या हिंदी सिनेमाचं. ११ एप्रिल २०२५ ला, म्हणजे जोतीरावांच्या जयंतीला, तो लागणार होता. बोर्डाने 'यू' दिलं, पण जातींविषयीच्या काही शब्दांत आणि उल्लेखांत बदल करायला लावले. त्यावर महाराष्ट्रात बराच वाद झाला आणि सिनेमा अखेर २५ एप्रिलला लागला. लहान मुलानेही पाहावा असा सिनेमा, पण त्यातली जातव्यवस्था मात्र जरा सौम्य शब्दांत, असा तो अजब निवाडा होता.

कुठे काय बदललं हे प्रमाणपत्राच्या दुसऱ्या भागात नोंदलेलं असतं. तो भाग पडद्यावर येईपर्यंत दिवे मालवलेले असतात आणि आपण खुर्ची शोधत असतो. जुन्या सिनेमांसाठी आणखी एक खूण आहे: १९८३ च्या नियमांप्रमाणे काटछाट झालेल्या सिनेमाच्या प्रमाणपत्रावर डाव्या कोपऱ्यात खाली त्रिकोण काढत. टीव्हीवर जुना सिनेमा सुरू होताना बघा.

निर्माते स्वतःच कापून आणतात म्हणे. कशासाठी?

पैशासाठी, दुसरं काय. 'ए' मिळालं की कुटुंब गेलं, आणि मराठी सिनेमा तगतो तो कुटुंबावर: आजी, आई, दोन मुलं, रविवार दुपारचा शो. त्यात 'ए'चा सिनेमा आहे तसा टीव्हीवर दाखवता येत नाही, म्हणजे वाहिनीला विकायच्या हक्कांची किंमतही कोसळते. त्यामुळे अर्ज करतानाच निर्माता 'आम्हाला यूए द्या' अशी विनंती करतो आणि बोर्ड सांगतं की मग हे हे काढा. कागदोपत्री हा कट 'ऐच्छिक'. थिएटरात एखाद्या संवादाचा आवाज मध्येच गायब होतो आणि ओठ हलत राहतात, तिथे बहुधा असाच सौदा झालेला असतो.

ह्याचा उलटा प्रकारही आहे. काही दिग्दर्शक सरळ 'ए' स्वीकारतात आणि एक फ्रेमही कापत नाहीत. धंद्याच्या दृष्टीने तो जुगार असतो. त्यांच्याविषयी मला आदर आहे.

बोर्डाचा निर्णय पटला नाही तर निर्मात्याने काय करायचं?

आधी पुनरीक्षण समिती. तिथे नवे सदस्य सिनेमा नव्याने पाहतात. पूर्वी त्यानंतर अपील न्यायाधिकरण होतं. निवृत्त न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालचं हे न्यायाधिकरण तुलनेने स्वस्तात आणि लवकर निकाल द्यायचं. ते एप्रिल २०२१ मध्ये बरखास्त झालं. आता सरळ उच्च न्यायालय. मोठ्या निर्मात्याला वकील परवडतो. पण घर गहाण टाकून पहिला सिनेमा करणारा मराठी तरुण प्रदर्शनाची तारीख तोंडावर आली असताना हायकोर्टात जाईल का? तो मुकाट्याने कापतो.

कोर्टात गेल्यावर काय होऊ शकतं ते २०१६ च्या 'उडता पंजाब' प्रकरणात दिसलं. बोर्डाच्या पुनरीक्षण समितीने तेरा बदल सांगितले होते. मुंबई उच्च न्यायालयाने एक कट ठेवून सिनेमाला 'ए'सह मोकळं केलं आणि बोर्डाचं काम प्रमाणपत्र देण्याचं आहे, याची आठवण करून दिली.

मुळात प्रदर्शनाआधी तपासणी करणं हेच अभिव्यक्ती स्वातंत्र्याच्या विरोधात नाही का?

हा प्रश्न १९७० मध्येच सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. दिग्दर्शक ख्वाजा अहमद अब्बास यांनी आपल्या माहितीपटाला 'यू' न मिळाल्यावर हा प्रश्न तिथे नेला. सिनेमाचा परिणाम छापील शब्दापेक्षा तीव्र असतो, त्यामुळे आधी तपासणी करणं घटनेत बसतं, असा निकाल लागला. तो आजही कायम आहे. पटो न पटो, कायद्याची स्थिती ही.

ही पद्धत इंग्रजांची. १९१८ चा कायदा आणि १९२० पासून मुंबई, कलकत्ता, मद्रास, रंगून इथली मंडळं. १९२१ च्या 'भक्त विदुर' ह्या मूकपटावर मद्रास आणि कराचीत बंदी आली, कारण त्यातला विदुर डोक्यावर टोपी घालून थेट गांधीजींसारखा दिसत होता.

प्रमाणपत्र मिळाल्यावरही एखादं राज्य किंवा संघटना सिनेमा बंद पाडू शकते का?

कायद्याने नाही. विरोध होईल, दगडफेक होईल अशा भीतीने प्रमाणित सिनेमा रोखता येत नाही, उलट सुरक्षा देणं हे सरकारचं काम आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये स्पष्ट केलं. 'पद्मावत'वर काही राज्यांनी घातलेली बंदी २०१८ मध्ये त्याच न्यायाने उठली. प्रत्यक्षात मात्र थिएटरमालक काचा फुटायच्या भीतीने शो लावतच नाही आणि तिथे कायदा संपतो.

गोव्याच्या इफ्फी ह्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात प्रमाणपत्र नसलेले सिनेमे कसे दाखवतात?

महोत्सवांना मंत्रालयाकडून सवलत मिळते. म्हणून पणजीत असे सिनेमे बिनकातर दिसतात जे नंतर कधीच थिएटरात येत नाहीत. पण ही सवलत देणारं मंत्रालयच असल्यामुळे दार तिथेच बंदही होऊ शकतं. २०१७ मध्ये रवी जाधवांचा 'न्यूड' परीक्षकांनी इंडियन पॅनोरमा ह्या इफ्फीतल्या भारतीय सिनेमांच्या विभागासाठी निवडलेला असताना यादीतून वगळला गेला. पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला सेन्सॉर बोर्डाने तोच सिनेमा एकही कट न देता 'ए' प्रमाणपत्रासह मंजूर केला. ज्या बोर्डाला आपण उठसूट शिव्या देतो ते ह्या वेळी मंत्रालयापेक्षा जास्त उदार निघालं.

टीव्ही मालिकांना असं प्रमाणपत्र का नसतं?

रोज रात्री लागणारा भाग आधी कुणाला दाखवून मंजूर करून घेणं शक्यच नाही. आज सकाळी चित्रित झालेला प्रसंग उद्या प्रक्षेपित होतो, अशी मालिकांची घाई. म्हणून टीव्हीला १९९५ च्या केबल टेलिव्हिजन कायद्याखालची कार्यक्रम संहिता लागू आहे. आधी तपासणी नाही, नंतर तक्रार.

मनोरंजन वाहिन्यांनी २०११ मध्ये स्वनियमनाची व्यवस्था उभी केली. तिच्यात दोन वर्ग आहेत: सर्वांसाठीचे कार्यक्रम आणि मर्यादित प्रेक्षकांसाठीचे. दुसऱ्या वर्गातले रात्री ११ ते पहाटे ५ ह्या वेळेतच दाखवायचे. थोडक्यात, टीव्हीवर वयाच्या जागी घड्याळ आहे. मुलं साडेदहाला झोपतात असं त्यात गृहीत धरलं आहे. तुमच्याकडे झोपत असतील तर अभिनंदन.

आता माझं एक मत. संध्याकाळी सातच्या, सर्वांसाठी समजल्या जाणाऱ्या मालिकेत सासू सुनेच्या दुधात काहीतरी मिसळते, अपहरण होतं, स्मशानात लिंबं कापली जातात. सहा वर्षांची नात आजीच्या मांडीवर बसून हे रोज पाहते आणि त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. त्याच नातीला वर्षातून एकदा यूए १३+ ला न्यायचं की नाही यावर मात्र घरात परिषद भरते.

'ए'चा सिनेमा टीव्हीवर कधीच येत नाही का?

आहे तसा नाही. मुंबईच्या एका प्राध्यापिकेने केलेल्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ह्याबाबत कडक भूमिका घेतली आणि तेव्हापासून वाहिन्यांवर फक्त यू आणि यूए सिनेमे दिसतात. 'ए'च्या सिनेमाची टीव्हीसाठी वेगळी, काटछाट केलेली आवृत्ती करून तिचं नवं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. २०२३ च्या दुरुस्तीने ही गोष्ट कायद्यातच लिहिली. थिएटरात पाहिलेला सिनेमा टीव्हीवर वीस मिनिटं आखूड वाटला तर शंका घ्यायला जागा आहे. जाहिरातींमुळे ते लक्षात येत नाही, एवढंच.

ओटीटीवरचे आकडे कोण देतं?

ज्यांची मालिका ते स्वतःच. २५ फेब्रुवारी २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार प्रत्येक मंचाने आपल्या कार्यक्रमांचं वर्गीकरण पाच गटांत करायचं: यू, यूए ७+, यूए १३+, यूए १६+ आणि ए. सेन्सॉर बोर्डाचा तिथे संबंध नाही. सिनेमागृहांसाठीचे ७, १३, १६ हे टप्पे दोन वर्षांनी आले, म्हणजे ह्या बाबतीत थोरल्याने धाकट्याची नक्कल केली.

ओटीटीचा एक नियम मात्र थिएटरनेही उचलावा असा आहे. भाग सुरू होताना डाव्या कोपऱ्यात आकड्यासोबत 'हिंसा, शिवराळ भाषा, धूम्रपान' असं कारण द्यावं लागतं. ते तीन शब्द आकड्यापेक्षा जास्त उपयोगी आहेत. दोन-तीन सेकंदांत गायब होतात, पण वाचायची सवय लावून घ्या.

एकच सिनेमा थिएटरात यूए आणि ओटीटीवर ए, असंही होऊ शकतं. दोन वेगळी माणसं, दोन वेगळे कायदे, आणि कधी कधी ओटीटीवर येते ती न कापलेली आवृत्ती. थिएटरात मुलांसोबत पाहिला म्हणून घरी डोळे झाकून लावू नका.

पॅरेंटल लॉक खरंच चालतो का?

लॉक चालतो, पण आपण तो लावत नाही. यूए १३+ आणि त्यावरच्या कार्यक्रमांना कुलपाची सोय देणं मंचांवर बंधनकारक आहे, 'ए'साठी वयाची खातरजमाही. पण घराघरांत घडतं असं: एकाच खात्यावर सगळं कुटुंब, सगळे बाबांच्याच प्रोफाइलवर, आणि पिन असलाच तर १२३४ किंवा गाडीचा नंबर. दहा मिनिटं काढून मुलांची वेगळी प्रोफाइल करा, तिची वयोमर्यादा ठरवा आणि मोठ्यांच्या प्रोफाइललाही पिन लावा. हे शेवटचं बहुतेकजण विसरतात. मुलांच्या प्रोफाइलला कुंपण घालून बाजूचं फाटक उघडं ठेवलं तर काय उपयोग?

यूट्यूबवरच्या ट्रेलरला प्रमाणपत्र लागतं का?

थिएटरात दाखवायच्या ट्रेलरला लागतं. यूट्यूबवर टाकायला बोर्डाचं लागत नाही. म्हणून तिथला ट्रेलर बघून सिनेमाचा अंदाज बांधू नका.

सिगारेट दिसली की येणारी इशाऱ्याची पट्टी सेन्सॉरची का?

मूळ नियम आरोग्य मंत्रालयाचा, तंबाखू कायद्याखालचा. १ सप्टेंबर २०२३ पासून तो ओटीटीलाही लागू झाला. वयोगटाशी तिचा थेट संबंध नाही.

नाटकाला वयाचा गट का नसतो?

कारण नाटकाची व्यवस्थाच निराळी. महाराष्ट्रात रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ आहे आणि ते प्रयोग पाहत नाही, संहिता वाचतं. नाटकाची छापील किंवा टंकलिखित प्रत मंडळाकडे जाते, वाचून मंजूर होते आणि मग प्रयोग. त्यामुळे विंगेतून आलेला नट ऐनवेळी काय पदरचं घालेल ते कुठल्याच कागदावर नसतं. जाहिरातीत 'फक्त प्रौढांसाठी' लिहिलेलं असलं तर तो बहुतेकदा निर्मात्याचा निर्णय असतो, आणि कधी कधी निव्वळ गल्ला भरायची युक्ती.

ह्या मंडळाशी मराठी रंगभूमीचे झगडे जुने आहेत. १९७२ मध्ये 'सखाराम बाइंडर'वर आक्षेप आला तेव्हा नाटकाचे दिग्दर्शक कमलाकर सारंगांनी उच्च न्यायालयात जाऊन नाटक सोडवून आणलं. नाटकाची आधी तपासणी असूच नये, म्हणून अमोल पालेकरांनी २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली. ओटीटीला पूर्वतपासणी नाही, टीव्हीला नाही, आणि तीनशे-चारशे लोकांसमोर होणाऱ्या नाटकाला मात्र आहे, हे आजच्या घडीला समजावून सांगणं अवघडच आहे.

आम्ही परदेशात असतो. तिथे मराठी सिनेमा लागला तर कुठला आकडा धरायचा?

तिथला. भारतातलं प्रमाणपत्र तिथे चालत नाही. ब्रिटनमध्ये बीबीएफसीचे यू, पीजी, १२ए, १५ आणि १८ असे वर्ग आहेत. १२ए ला बाराखालच्या मुलासोबत मोठं माणूस असावंच लागतं. १५ म्हणजे पंधरा. चौदा वर्षांच्या मुलाला आईबाप सोबत असले तरी प्रवेश नाही. सुट्टीवर आलेल्या आजी-आजोबांना हे पटवणं कठीण जातं, कारण आपल्याकडे यूए १६+ ला कडेवरचं बाळही जातं. अमेरिकेत वर्गीकरण ऐच्छिक आहे आणि आपले बरेच सिनेमे तिथे वर्गाविनाच लागतात. तेव्हा महाराष्ट्र मंडळाने हॉल घेऊन शो लावला असेल तर आयोजकांना भारतातलं प्रमाणपत्र विचारून घ्या आणि व्हॉट्सॲपच्या निमंत्रणात ते लिहायला सांगा. 'सहकुटुंब या' एवढंच लिहून चालत नाही.

तक्रार कुठे करायची?

ती कशाबद्दल आहे त्यावर अवलंबून. 'ए'च्या शोला लहान मुलं बसवली असतील किंवा बोर्डाने काढायला लावलेला भाग थिएटरात दिसला असेल, तर स्थानिक पोलीस आणि बोर्डाचं प्रादेशिक कार्यालय. तारीख, शोची वेळ, स्क्रीन क्रमांक लिहा आणि तिकीट जपून ठेवा. मोबाइलवर पडदा चित्रित करून पुरावा गोळा करायला जाऊ नका: थिएटरात चित्रीकरण हा स्वतंत्र गुन्हा आहे आणि २०२३ च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान तीन महिने कैद आणि तीन लाख रुपये दंड आहे.

टीव्ही आणि ओटीटी दोन्हीसाठी पहिली पायरी तीच वाहिनी किंवा तोच मंच. त्यांनी २४ तासांत पोच द्यायची आणि १५ दिवसांत निर्णय कळवायचा. समाधान झालं नाही तर त्यांची स्वनियमन संस्था आणि शेवटी मंत्रालय. तक्रारीत 'आपली संस्कृती बुडाली' असं मोघम लिहू नका. भाग कुठला, कितव्या मिनिटाला काय दिसलं आणि वर्ग कोणता दाखवला होता, ते लिहा.